कारंजं कोरडं, झाडांच्या बुंध्याशी पेव्हर ब्लॉक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातल्या मोकळ्या जागांविषयी आपल्या अंकात वरचेवर लिहून येतं. त्यात स्मशानं आणि दफनभूमी मात्र कधी दिसत नाहीत, म्हणून हे पत्र.

अमेरिकेत सार्वजनिक बागा होण्याआधी बागेचं काम दफनभूमीच करत होत्या. बोस्टनजवळची माउंट ऑबर्न दफनभूमी १८३१ साली झाली ती तिथल्या बागकाम संस्थेच्या पुढाकाराने. चर्चच्या आवारातली दाटीवाटीची दफनं जेकब बिगलो या वनस्पतींच्या जाणकार डॉक्टरांना आरोग्याला घातक वाटत होती. टेकाडाच्या चढउताराला धरून वळणावळणाचे रस्ते आखले गेले. मोठ्या रस्त्यांना झाडांची नावं मिळाली, स्प्रूस, अक्रोड, बीच वगैरे, आणि पायवाटांना फुलांची. दलदलीच्या खोलगट जागी तळी झाली. एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाच्या तिथल्या बागेत आजही कारंजं आहे. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क यानंतर पंचवीसेक वर्षांनी आलं!

लांब कशाला, आपली शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी घ्या. तीही मुळात अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग. सोसायटीने भायखळ्याला, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत, बस्तान हलवलं आणि १८६० च्या दशकात आयुक्त आर्थर क्रॉफर्ड (मार्केटवाले तेच) यांच्या काळात इथे दफनभूमी झाली. सीएसएमटीचे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आणि गेटवेचे जॉर्ज विटेट हे दोघे वास्तुकार तिथेच विसावलेत.

आमच्या उपनगरातल्या स्मशानात काही वर्षांपूर्वी सुशोभीकरण झालं. कारंजं उद्घाटनापुरतं उडालं. आता त्याच्या हौदात झेंडूचे कुजके हार, गुटख्याच्या पुड्या आणि पावसाळ्यात डास. कडुलिंबांची जुनी रांग आहे, पण पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवलेत; एका झाडाने तर ते उचलून फोडले, आणि ठेकेदाराने तिथे सिमेंट ओतलं. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला २०१३ सालीच सांगितलं होतं. आपल्याकडे तेवढं करायला लवादाची वाट कशाला बघायची?

नवं कारंजं नकोच. ते चालवायला माणूस आणि पाणी नसेल तर हौद सरळ मातीने भरून त्यात बकुळ लावावी. मयताला आलेली म्हातारी माणसं उन्हात ताटकळतात, त्यांना सावली मिळेल. ब्लॉक मात्र पावसाच्या आत निघावेत.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, मुंबई