संघ थांबवायचाच असेल, तर पुन्हा उभा राहील असा थांबवा

प्रति,
संपादक महोदय,

रविवारच्या क्रीडा पानावर दारुण पराभवांची यादी आली. तिच्यात अमेरिकेतल्या फ्लॉरिडा विद्यापीठाचा १९४२ मधला ७५-० हा पराभव एका ओळीत उरकला आहे. आकडा बरोबर आहे. पण युद्धामुळे खेळ बंद पडण्याआधीचा तो त्या संघाचा शेवटचा हंगाम होता, आणि त्यात जे घडले ते कोकणातल्या लहान महाविद्यालयांनी नीट समजून घ्यावे असे आहे. म्हणून हे पत्र.

आधी गुणांविषयी, कारण वाचकांचा गैरसमज तिथेच होतो. तिकडचे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ. एका टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याला, सहा गुण, त्यानंतरच्या लाथेला एक. म्हणजे ७५ गुण हे ७५ गोल नव्हेत. समोरच्यांनी दहा-अकरा वेळा शेवटची रेषा गाठली. सामना ७ नोव्हेंबर १९४२ ला जॅक्सनव्हिलमध्ये झाला. समोर जॉर्जिया विद्यापीठ होते, आणि त्याच संघाने १ जानेवारी १९४३ ला रोझ बोल हा हंगामानंतरचा मानाचा सामना जिंकला. फ्लॉरिडाचा हंगाम तीन विजय आणि सात पराभवांवर संपला. १९४३ मध्ये त्यांचा संघ मैदानात उतरलाच नाही.

हरत होते म्हणून संघ बंद केला, असा अर्थ यातून सहज निघतो. तो चुकीचा आहे. फ्लॉरिडा ज्या आग्नेय परिषदेत, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या महाविद्यालयांच्या गटात होते, त्यातलेच टेनेसी शुगर बोल जिंकून आणि अलाबामा ऑरेंज बोल जिंकून (हेही तसेच मानाचे सामने) १९४३ मध्ये घरी बसले. परिषदेतल्या बारांपैकी सात महाविद्यालयांनी त्या वर्षी संघ उतरवला नाही. जिंकणारे आणि हरणारे एकाच कारणाने थांबले: मैदानात उभे करायला मुलेच उरली नव्हती. नोव्हेंबर १९४२ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचे वय वीसवरून अठरावर आले. फ्लॉरिडा विद्यापीठ तेव्हा मुलग्यांचे होते, मुलींना सर्रास प्रवेश १९४७ पासून मिळाला. त्यामुळे भरतीने वर्गच्या वर्ग रिकामे केले. १ डिसेंबर १९४२ पासून साऱ्या देशात पेट्रोलवर रेशन आले आणि बाहेरगावचे सामने अवघड झाले. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानकडे गेल्यामुळे रबराचा तुटवडा होता, आणि चेंडूतली हवेची पिशवी, म्हणजे ब्लॅडर, रबराचीच. (आज आपल्या दोडामार्गात रबराच्या बागा आहेत, तिथल्या मुलांना हा दुवा जरूर सांगावा.)

मग बाकीची महाविद्यालये कशी खेळली? भूदलाने महाविद्यालयांत ठेवलेल्या प्रशिक्षणार्थींना आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची मनाई होती, नौदलाच्या व्ही-१२ या अधिकारी-प्रशिक्षण योजनेतल्या मुलांना परवानगी होती. त्याच परिषदेतल्या जॉर्जिया टेक या वेगळ्या संस्थेकडे नौदलाची मुले होती, ते खेळत राहिले. संघाचे नशीब प्रशिक्षकाच्या हातात नव्हतेच, ते कोणत्या दलाची तुकडी आवारात आली त्यावर ठरले.

आता यातला सर्वांत मोलाचा भाग. थांबलेले सातही संघ १९४४ मध्ये परत उभे राहिले. खंड एकाच वर्षाचा होता, हे त्याचे एक मोठे कारण. आपल्याकडचे गणित तर याहून कडक आहे. पदवी तीन वर्षांची. शेवटच्या हंगामात प्रथम वर्षाला असलेला मुलगा खंडाच्या वर्षी द्वितीय वर्षाला जातो आणि संघ परत सुरू होताना तृतीय वर्षाला असतो. म्हणजे एक वर्ष थांबलात तर एकच वर्ग हाताशी राहतो, दोन वर्षे थांबलात तर एकही नाही. चौथे वर्ष करणारा एखादा असला तर तो नशिबाचा भाग. २०२० च्या टाळेबंदीनंतर किनाऱ्यावरच्या लहान संघांना जे जड गेले ते हेच: सरावाची वेळ, गोलरक्षकाच्या हाका, कॉर्नरला कोणी कुठे उभे राहायचे, हे नव्या मुलांना सांगणारा जुना मुलगाच वर्गात नव्हता. क्लबचे तसे नसते. ड्युरँड चषक १९४० नंतर थेट १९५० मध्ये झाला, तरी क्लब टिकले, कारण क्लबचा खेळाडू पदवी घेऊन निघून जात नाही.

म्हणून ज्या महाविद्यालयाला मुले, पैसा किंवा शिक्षक नसल्यामुळे फुटबॉल थांबवावा लागणार आहे, त्याने शेवटचा हंगाम गुणतक्त्यासाठी खेळू नये. अठरा जणांच्या संघात किमान सहा मुले प्रथम वर्षाची घ्यावीत आणि त्यांना प्रत्येक सामन्यात निदान अर्धा वेळ मैदानात ठेवावे. दोन गोलरक्षकांपैकी एक प्रथम वर्षाचाच हवा. गोलरक्षक घडायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि नेमका तोच विसरला जातो. यामुळे दोन-चार सामने जास्त हरले जातील. हरू द्यावेत. अमेरिकेतही युद्धकाळात अनेक परिषदांनी प्रथम वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळण्यावर असलेली बंदी उठवली, ती मुले पुरेनात म्हणूनच. एक नियम मात्र लक्षात असू द्या: एका बाजूला सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना चालू राहू शकत नाही. अकराच मुले घेऊन बाहेरगावी गेलात आणि दोघांना ताप, दोघांना दुखापत, एकाला लाल कार्ड असे झाले, की सामना तिथेच संपतो. सोळापेक्षा कमी मुलांनी प्रवास करू नये.

प्रवासाचा खर्च हे थांबण्याचे नेहमीचे कारण. तो निम्मा करता येतो. दापोली आणि गुहागर यांच्यामध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. रस्त्याने खेड-चिपळूणचा वळसा, दाभोळ-धोपावे फेरीबोटीने मात्र काही मिनिटे. सतरा आसनांची एक गाडी बोटीवर चढवावी, शनिवारी दुपारी एक सामना आणि रविवारी सकाळी दुसरा, असे दोन उरकून परतावे. शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून ठेवावी, आणि जादा वेळ खेळवायचा नाही हे यजमानांशी आधीच ठरवावे.

थांबल्यानंतर सामानाचे काय होते ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको, तरी चुका त्याच त्याच होतात. चेंडूंची हवा पूर्ण काढून ते खोक्यात कोंबतात. मग आतली ब्लॅडर दुमडते, घडीवर चिकटते आणि पुन्हा हवा भरताना तिथेच फुटते. हवा निम्मी ठेवावी. सुई व्हॉल्व्हमध्ये कोरडी घालू नये, ग्लिसरीनचा थेंब लावावा. चेंडू जाळीच्या पिशवीत, भिंतीपासून हातभर दूर टांगावेत. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवले तर एप्रिल-मेच्या उष्म्याने शिवणी सुटतात आणि भिंतीला टेकवले तर पावसात बुरशी येते. गोलच्या जाळ्या गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, उंदीर पोचणार नाहीत अशा टांगाव्यात. जमिनीत पुरलेले लोखंडी खांब खाऱ्या हवेने आणि साचलेल्या पाण्याने नेमके जमिनीलगत गंजतात, वरून मात्र धडधाकट दिसतात. असा खांब मुलाच्या अंगावर पडू शकतो. ते काढून, खरवडून, रेड ऑक्साइडचा हात मारून आत ठेवावेत आणि खड्ड्यांना झाकण लावावे.

मैदानाचे तर फार हाल होतात. जांभ्यावरचा मातीचा थर मुळातच पातळ. खेळ थांबला की तिथे गाड्या लागतात, मांडव पडतो, पावसात चाकांच्या चाऱ्या होतात आणि उघडी पडलेली माती उताराने वाहून जाते. एका पावसात खाली खडी दिसू लागते. म्हणून पावसाळाभर वाहने पूर्ण बंद ठेवावीत, कडेचे चर मे महिन्यातच मोकळे करावेत आणि गवत उपटू नये, फक्त श्रावणात आणि दसऱ्यानंतर कापावे. मांडवाचे खड्डे तळाशी जांभ्याच्या चुऱ्याने आणि वर चार बोटे मातीने भरून धुम्मसाने चोपावेत. चुरा वर राहिला तर गुडघे सोलतात.

खंडाच्या वर्षात आठवड्यातून एक संध्याकाळ सात-सातचा खेळ ठेवावा: अर्ध्या मैदानावर, आडवा, बांबूचे खांब लावून, चौदा मुले. विद्यापीठाच्या स्पर्धेत दोन महाविद्यालयांचा मिळून एक संघ चालत नाही, पण गावच्या स्पर्धेत चालतो. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग या दोन व्यावसायिक संघांनीही माणसे पुरेनात म्हणून एकत्र येऊन हंगाम काढला होता.

आणि जिमखान्याच्या अंदाजपत्रकातले फुटबॉलचे शीर्षक नाममात्र रक्कम ठेवून जिवंत ठेवावे. ते एकदा पुसले गेले की पैसे स्नेहसंमेलनात जातात, आणि पुढच्या वर्षी नवे शीर्षक उघडण्यासाठी समितीपुढे पहिल्यापासून उभे राहावे लागते.

आपल्याकडे एक मागणी आहे. ज्या महाविद्यालयाचा फुटबॉल थांबणार असेल, त्याच्या शेवटच्या हंगामाचे सगळे निकाल, हरलेलेही, खेळाडूंच्या नावांसह जिल्हा पानावर छापावेत. सामानाची (डेडस्टॉकची) नोंदवही आणि जिमखान्याच्या फायली वाळवी खाते. प्रथम वर्षाचे कोण कोण खेळले होते हे दोन वर्षांनी शोधायची वेळ आली, तर वर्तमानपत्राचे कात्रण कोणाच्या ना कोणाच्या घरी सापडते.

आपले,
महाविद्यालयीन फुटबॉलशी संबंधित काही क्रीडाशिक्षक,
रत्नागिरी जिल्हा