गोष्ट शोधायची नाही, तर काय शोधायचे?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील चित्रपट परीक्षण वाचले. ‘कथा शोधत बसू नका, दृश्यांत हरवून जा’ हा आपल्या परीक्षकांचा सल्ला मला मुळीच पटला नाही. पदरचे पैसे घालून गेलेल्या माणसाने गोष्टसुद्धा मागू नये का?

आदल्याच दिवशी हा चित्रपट मी घोडबंदर रोडवरच्या मल्टिप्लेक्समध्ये पाहिला होता. दृश्ये अप्रतिम आहेत, त्याबद्दल दुमत नाही. निळ्या उजेडातले ते जंगल, हरणाचा मुखवटा घातलेली राणी, पेटलेले तळे! तुटपुंज्या पैशांत हे उभे करणाऱ्यांचे खरोखर कौतुक वाटते. पण राणी आणि तिची मुलगी या दोन्ही भूमिका एकाच अभिनेत्रीला, त्याच लुगड्यात, त्याच दागिन्यांत. समोर आई आहे की लेक, हे शेवटपर्यंत कळत नाही. मध्यंतरानंतर माझ्या पुढची अख्खी रांग उठून गेली. तळे पेटते ते त्यानंतर. त्या लोकांनी ते पाहिलेच नाही.

बजेट कमी होते, हे समजून घ्या, असेही परीक्षक लिहितात. अहो, ‘बारा वर्षांपूर्वी’ एवढी पाटी दाखवायला किती खर्च येतो? दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनाच राम केले आणि सीताही. तोही मूकपट. तरी लोकांनी त्याला तुडुंब गर्दी केली. रामायण सर्वांना पाठ होते, असे कोणी म्हणेल. मान्य. मग ज्याची गोष्ट नवी, त्याने तर ती जास्तच नीट सांगायला हवी.

माझा भाचा चित्रपटांच्या कला विभागात काम करतो. कागदाच्या लगद्याचा एक मुखवटा घडवायचा, वाळवायचा, घासायचा, रंगवायचा, यात त्याच्या रात्री जातात. पटकथा कच्ची ठेवली की अशा मुलांचे काम बघायला थिएटरात कोणी उरत नाही. याचा राग येतो.

आणखी एक. श्रेयनामावली सुरू होताच थिएटरवाले दिवे लावतात, दारे उघडतात, सफाई सुरू करतात. त्या उजेडात पडद्यावरचे एक नाव वाचता येत नाही. हरणाचा मुखवटा कोणी केला, ते मला वाचायचे होते. आपल्या परीक्षणातही ते नाव नाही. पुढच्या रविवारी तरी छापावे, ही विनंती.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)