ऑइलमध्ये वरून बाटली ओतू नका

मा. संपादक,
स.न.

साताऱ्यात माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. सध्या गिऱ्हाईक ऑइल बदलायला येतं ते सोबत अ‍ॅडिटिव्हची, म्हणजे ऑइलमध्ये मिसळायच्या रसायनाची, एक छोटी बाटली घेऊनच, दुकानदाराने सांगितलेलं असतं की ही ओतली की घासणाऱ्या भागांमधला ऑइलचा थर जाड होतो आणि इंजिन झिजत नाही. हे चुकीचं आहे, म्हणून हे पत्र.

थर जाड की पातळ हे मुख्यतः ऑइलच्या जाडीवर, स्पीडवर आणि लोडवर ठरतं. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगमध्ये हा थर जेमतेम काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, त्यावरून अंदाज घ्या. इंजिन तापल्यावर ऑइल फार पातळ होऊ नये म्हणून कंपनीच त्यात पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू, घालते, पण बाईकमध्ये इंजिन आणि गिअर एकाच ऑइलवर चालतात ना, मग गिअरच्या दातांत चिरडून त्या पॉलिमरच्या साखळ्या तुटतात, ऑइल पातळ होतं आणि थरही. त्यावर उपाय एकच, वेळेवर ऑइल बदला.

इंजिनच्या झडपा उघडणाऱ्या कॅम आणि रॉकरचं वेगळं आहे. तिथे दाब एवढा की ऑइलचा थर टिकतच नाही, लोखंडाला लोखंड घासायला लागतं, तेव्हा ऑइलमधलं जस्त-फॉस्फरसचं अ‍ॅडिटिव्ह उष्णतेने धातूवर चिकटून स्वतःचा पापुद्रा तयार करतं. हा मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा, पण झीज थांबवतो तो हाच. इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, खोललं की चांगल्या कॅमवर निळसर तपकिरी झाक दिसते, आणि जिथे हा पापुद्रा टिकलेला नाही तिथे नख फिरवलं की खाच लागते. मग हेच अ‍ॅडिटिव्ह अजून ओतलं तर? सगळी अ‍ॅडिटिव्हज त्याच धातूवर जागा शोधत असतात, एक वाढलं की दुसऱ्याला जागा उरत नाही. शिवाय जास्तीचा फॉस्फरस सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारतो, आणि एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तो बदलायचा म्हणजे मोठा खर्च.

मागच्या महिन्यात कासकडून दूध घेऊन येणारे एक काका आले, परत जाताना किटल्या रिकाम्या असूनही यवतेश्वरच्या घाटात गाडी नुसती ओरडते, पुढे जात नाही म्हणाले. क्लच खोलला तर प्लेटा काचेसारख्या गुळगुळीत. त्यांनी अशीच बाटली ओतली होती, घर्षण कमी करणारी. आपल्या बहुतेक गिअरच्या बाईकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि तो घर्षणावरच चालतो हो! कारचं ऑइल बाईकला टाकलं तरी हेच होऊ शकतं. म्हणून गिअरच्या बाईकसाठी डब्यावर जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघा, एमबी हे गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. ग्रेड, म्हणजे ऑइलच्या जाडीचा आकडा, गाडीच्या पुस्तकात असेल तीच, पुस्तकात १०डब्ल्यू-३० असेल तर जाड बरं म्हणून २०डब्ल्यू-५० टाकू नका.

काकांच्या प्लेटा आणि ऑइल बदललं, पैसे देताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. डब्यावरची ही अक्षरं कशी वाचायची ते तुमच्या पेपरात एकदा चित्रासकट छापा, कात्रण मी गॅरेजच्या भिंतीवर लावतो.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक, सातारा