तारे बारीक केले, हा गुन्हा नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नौपाड्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे नंबर काढतो आणि अमावास्येच्या आसपास शटर ओढून, कॅमेरा घेऊन वांगणीला जातो. (येऊरचा डोंगरसुद्धा आता शहराच्या उजेडात न्हातो, तिथे काय दिसणार!) मार्गशीर्षात तिथून काढलेला मृग नक्षत्राचा फोटो माघी गणपतीच्या मंडपात लावला होता. कौतुक झालं. मग एका काकांनी विचारलं, "तारे एवढेसे कसे? कॉम्प्युटरवर बारीक केलेत ना? म्हणजे फोटो खोटा." आपल्या रविवार पुरवणीतल्या आकाशाच्या फोटोंबद्दलही असंच बोललेलं ऐकतो, म्हणून हे पत्र.

हो, बारीक केले. पण त्याआधी ते जाड कुणी केले होते? मीच.

मृगातल्या काक्षीसारख्या (बीटलज्यूस) राक्षसी ताऱ्याचा आकाशात दिसणारा व्यास १९२० साली अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीवर मोजला गेला, तो भरला जेमतेम ०.०५ विकला (विकला म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग). माझ्या १३५ मिमी लेन्समागे एक पिक्सेल साडेसहा विकला आकाश व्यापतो. म्हणजे अख्खा काक्षी पिक्सेलच्या रुंदीच्या शंभराव्या हिश्श्यात मावेल. तरी फोटोत तारा पिक्सेलच्या पिक्सेल खातो, कारण हवा थरथरते, लेन्स प्रकाश थोडा पसरवते, दंव पडलं तर विचारूच नका.

खरी गंमत पुढे. ट्रॅकरवर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) दोन-दोन मिनिटांचे ४५ शॉट एकत्र केले तरी फाइल काळीच दिसते. तेजोमेघ, म्हणजे अंतराळातला वायू-धुळीचा उजळ ढग, त्या काळोखात दडलेला असतो, तो वर काढायला प्रकाश ताणावा लागतो, म्हणजे अंधुक भाग कॉम्प्युटरवर उजळावा लागतो. त्या ताणात ताऱ्याभोवतीचं अंधुक वलयही उजळतं, तारा भज्यासारखा फुगतो आणि मधला रंग जाऊन पांढराफटक होतो. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणातला जो तारा उगवताना सर्वांत शेवटी वर येतो, त्याला खेटूनच ज्वालेसारखा तेजोमेघ आहे. माझ्या पहिल्या प्रयत्नात त्या ताऱ्याने तो गिळून टाकला होता.

म्हणून हल्ली मी सॉफ्टवेअरने तारे बाजूला काढतो, तेजोमेघ हवा तेवढा ताणतो, तारे वेगळे, हलक्या हाताने ताणतो आणि जिथल्या तिथे परत बसवतो. एकही तारा जागचा हलत नाही. पूर्वी सॉफ्टवेअरमधल्या फिल्टरने त्यांच्या कडा कुरतडायचो, तेव्हा प्रत्येक ताऱ्याला काजळ घातल्यासारखी काळी कड यायची. ते मात्र खोटंच दिसायचं, आणि होतंही. अर्थात फोकस चुकला असेल तर यातलं काही कामाचं नाही. त्यासाठी काळ्या कार्डपेपरचा बाह्टिनोव्ह मास्क (फोकस नेमका जुळवायला लेन्ससमोर धरायची खाचांची जाळी) मी दुकानातच कापला. चष्म्याचा नंबर चुकला तर फ्रेम बदलून काय उपयोग?

काकांच्या शंकेत तथ्य एवढंच की, काय केलंय ते सांगायला हवं. तेव्हा पुरवणीतल्या फोटोखाली एक ओळ वाढवावी: कुठून काढला, एक्स्पोजर किती, ताऱ्यांवर काय प्रक्रिया केली.

सोबत माझा फोटो पाठवतोय. न्यूजप्रिंटवर शाई पसरते आणि काळ्या आकाशातले बारीक ठिपके बुजतात, म्हणून यात तारे मंडपातल्यापेक्षा जरा जाड ठेवलेत. काकांना कळवू नये.

आपला,
एक चष्मेवाला वाचक
नौपाडा, ठाणे (प.)