मंत्रीमहोदय, दोनशे तासांना तीन वर्षं का लागतात?

मा. केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात कोल्हापूर, इचलकरंजी आणि कागलमधल्या काही घरांत एकाच मजकुराचा मेल आला. मुलं ज्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकतात तिथून. इंधन आणि सुटे भाग महागलेत, म्हणून उरलेल्या उड्डाणतासांसाठी तासामागे २,५०० रुपये जादा भरा. पंधरा दिवसांत भरले नाहीत तर मुलाचं नाव रोस्टरमधून, म्हणजे उड्डाणांच्या पाळ्यांतून, काढू. याच संस्थेने प्रवेशाच्या वेळी अठरा महिन्यांत सीपीएल, म्हणजे २०० तास उड्डाण केल्यावर मिळणारा व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, देऊ असं सांगून जवळजवळ सगळी फी आगाऊ घेतली होती. आता सव्विसावा महिना चालू आहे आणि लॉगबुकात सव्वाशे तासही नाहीत.

अठरा महिन्यांचं आश्वासन खोटं होतं, हे साध्या गुणाकाराने कळतं. तुमच्या खात्यातल्या कुणीही तो करून बघावा. संस्थेत विद्यार्थी १००. कागदावर विमानं दहा, त्यातली प्रत्यक्षात उडणारी सहा. एक विमान दिवसाला पाच तास आणि महिन्यातले वीस दिवस उडालं, तर सहा विमानांचे महिन्याला ६०० तास होतात. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला सहा तास आणि २०० तासांना तेहेतीस महिने. अठरा महिन्यांत संपवायचं तर प्रत्येकाला महिन्याला अकरा तास मिळायला हवेत, आणि त्यासाठी अकरा विमानं रोज उडायला हवीत. प्रवेश देताना हे संस्थेला माहीत असतं. तुमच्या नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाला, म्हणजे डीजीसीएलाही माहीत असतं. फक्त आई-बापाला माहीत नसतं.

विमानं बंद का पडतात, त्याचीही कारणं ठरलेली आहेत. सेसना १७२ या छोट्या शिकाऊ विमानाला पन्नास आणि शंभर तासांच्या तपासण्या असतात. त्याच्या लायकमिंग इंजिनाला दोन हजार तासांनी ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्ती, लागतो. तो आगाऊ ठरवून केला नाही, जास्तीचं इंजिन तयार ठेवलं नाही, सुटा भाग परदेशातून यायचा राहिला, की विमान महिनोन्‌महिने हँगरमध्ये उभं राहतं. दोन इंजिनांचं विमान बहुतेक ठिकाणी एकच असतं. शेवटचे पंधरा-वीस तास आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडवण्याची पात्रता) त्याच्यावर असतात, त्यामुळे ते बंद पडलं की १८० तास झालेली मुलंसुद्धा नुसती बसून राहतात. शिवाय इन्स्ट्रक्टर. अनुभव झाला की तो एअरलाइनमध्ये जातो. त्याचा राग नाही, त्यालाही कर्ज फेडायचं असतं. पण त्याच्या जागी दुसरा येईपर्यंत त्याची बॅच अडकते.

नियमही असे आहेत की उशीर झाला की खर्च आपोआप वाढतो. २०० तासांत १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेला वैमानिक, म्हणून हवेत. त्यात २० तास क्रॉसकंट्री (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारी लांबची उड्डाणं), आणि त्यातलं एक उड्डाण ३०० नॉटिकल मैलांचं, दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेलं. १० तास इन्स्ट्रुमेंट, त्यातले सिम्युलेटरवर जास्तीत जास्त पाच. रात्रीचे ५ तास, दहा टेक-ऑफ आणि दहा लँडिंगसह. हे सगळं अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत झालेलं हवं आणि पायलट-इन-कमांडचे १५ तास शेवटच्या सहा महिन्यांतले हवेत. नियमांबद्दल तक्रार नाही, विमानात माणसं बसणार आहेत. पण विमान बंद म्हणून मुलगा दोन महिने जमिनीवर राहिला, तर पुन्हा एकट्याने उडण्याआधी त्याला इन्स्ट्रक्टरसोबत चेक द्यावा लागतो. तो तास त्याच्याच खात्यावर पडतो. संस्थेच्या चुकीने शेवटच्या सहा महिन्यांची ती अट हुकली आणि ती पूर्ण करायला जास्तीचे तास उडवायचे, तर तेही विद्यार्थ्याच्याच पैशाने. असे करत दोनशेचे दोनशे वीस तास होतात. तासाला पंधरा हजार धरले तर हेच तीन लाख.

आणि कर्ज? प्रशिक्षणाचा सगळा खर्च आज पन्नास लाखांच्या आसपास जातो. शैक्षणिक कर्जाला सरकारची हमी साडेसात लाखांपर्यंत. त्यापुढे बँक तारण मागते. आमच्याकडे तारण म्हणजे घर, नाहीतर उसाची जमीन. पन्नास लाखांची उचल झाली असेल आणि व्याज ११ टक्के असेल, तर महिन्याला पंचेचाळीस हजारांवर व्याज चढतं. तेहेतीस वजा अठरा, म्हणजे पंधरा महिन्यांच्या उशिराचे जवळपास सात लाख. हा पैसा ना इंधनाला जातो ना इन्स्ट्रक्टरला. सात-बारावर बोजा चढवलेला शेतकरी वर्षाला एकदा येणाऱ्या ऊसबिलातून तो कसा भरणार, याचं उत्तर तुमच्या कुठल्याच परिपत्रकात नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने एक चांगलं काम केलं. डीजीसीएमान्य संस्थांच्या मान्य उड्डाण अभ्यासक्रमांना जीएसटी लागत नाही, हे तिने स्पष्ट केलं. पन्नास लाखांवर १८ टक्के म्हणजे नऊ लाख, इतकी ती सवलत मोठी आहे. तरी आजही कोटेशनच्या तळाशी 'कर वेगळा' असं छापलेलं असतं, आणि विचारलं तर उत्तर मिळतं की आमचे सीए बघतील. पालकांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर पैसे भरण्याआधी प्रत्येक रकमेसमोर काय आहे ते लिहून घ्या. आणि क्लास टू मेडिकलवर, म्हणजे सुरुवातीच्या वैद्यकीय तपासणीवर, समाधान मानून फी भरू नका. परवान्यासाठी लागणारी कडक क्लास वन तपासणी आधी करून घ्या. अर्धी फी गेल्यावर डोळ्यांत किंवा ईसीजीत दोष निघाला, तर ती परत मिळवताना कोर्टाची पायरी चढावी लागते. हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि टेक्निकल हे पेपरही शक्य तितके घरी राहून, पास व्हायला लागणाऱ्या ७० टक्के गुणांच्या तयारीने, उड्डाण सुरू होण्याआधी काढा. हँगरबाहेर बसून अभ्यास करणं परवडत नाही, तिथे हॉस्टेलचं भाडं चालू असतं.

महोदय, हे खरं तर तुमच्या खात्याने सांगायला हवं. ते आम्ही सांगतोय.

आता आमच्या गावाबद्दल. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ सालचा, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला. धावपट्टी वाढली, रात्री उतरण्याची सोय झाली, मार्च २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारत उघडली. २०२० साली विमानतळ प्राधिकरणाने प्रशिक्षण संस्थांसाठी उदार धोरण आणलं. संस्थांनी प्राधिकरणाला द्यायची रॉयल्टी माफ केली, जागेचं भाडं उतरवलं. अशा संस्थांसाठी निवडलेल्या विमानतळांच्या २०२१ च्या पहिल्या यादीत बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लिलाबारी. २०२२ च्या दुसऱ्या यादीत भावनगर, हुबळी, कडप्पा, किशनगड आणि सेलम. दोन्ही याद्यांत कोल्हापूर नाही. पावसाचं कारण सांगू नका. जून ते सप्टेंबर इथे ढग खाली उतरतात आणि पाच किलोमीटर दृश्यमानता रोज मिळत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण बेळगावला काय कोरडं आभाळ असतं? उरलेले आठ महिने इथली हवा उड्डाणाला चांगली असते आणि दिवसाकाठी मोजक्याच विमानफेऱ्या असतात. मुलगा घरी राहून शिकला तर खोलीभाडं आणि खानावळ वाचते, म्हणजे वर्षाला लाखभर तरी.

पण दहा ठिकाणी रॉयल्टी माफ झाली, त्यातले किती रुपये विद्यार्थ्याच्या फीतून कमी झाले? सवलत देताना फीची, तासांची, मुदतीची एकही अट का घातली नाही? सरकार जागा स्वस्त देतं, संस्था फी वाढवते आणि मधली रक्कम कुठे जाते ते कुणी विचारत नाही. साखर असो, वीज असो, वैद्यकीय कॉलेज असो, या देशात सवलत नेहमी वरच्याला मिळते आणि हमी खालच्याकडून मागितली जाते. शाहू महाराजांनी याच शहरात बोर्डिंगं काढली ती शेतकऱ्यांच्या पोरांच्या शिक्षणाआड पैसा येऊ नये म्हणून. आज शेतकऱ्याच्या पोराने आकाशात जायचं म्हटलं, की त्याच्याकडे पहिल्यांदा जमिनीचा उतारा मागतात.

२०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली. देशाला तीस हजार वैमानिक लागतील असं तुमचंच मंत्रालय सांगतं. ते घडवण्याचा सगळा धोका मात्र एकेका घराच्या डोक्यावर. परवाना हातात आला तरी टाइप रेटिंगसाठी, म्हणजे एअरलाइनचं ठरावीक विमान उडवायला शिकण्यासाठी, पुन्हा दहा-पंधरा लाख लागतात आणि नोकरीची खात्री नसतेच. अशा कोंडीतूनच लबाडी जन्मते. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका आणि फुगवलेले उड्डाणतास उघडकीला आले होते. तेव्हा वैमानिक पकडले गेले. त्यांना लॉगबुकात खोटं लिहिण्यापर्यंत आणणारी व्यवस्था तशीच राहिली.

ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए संस्थांना श्रेणी देतं. पहिल्याच यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. हे जाहीर केलंत हे बरंच झालं. पण नुसत्या अक्षराने पालकाला काय कळणार? प्रत्येक संस्थेने दर महिन्याला दारावर आणि वेबसाइटवर चार आकडे लावावेत: विद्यार्थी किती, त्या महिन्यात उडालेली विमानं किती, इन्स्ट्रक्टर किती, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला सरासरी किती तास मिळाले. उडणाऱ्या विमानांच्या हिशोबापेक्षा जास्त प्रवेश दिले तर पुढची बॅच थांबवा. फी एकरकमी घेण्यावर बंदी घाला. पैसा बँकेत वेगळ्या खात्यात राहावा आणि उडालेल्या तासांप्रमाणेच संस्थेला मिळावा. संस्थेमुळे झालेल्या खंडानंतरचा चेक संस्थेच्या खर्चाने व्हावा. आणि कर्जाच्या हमीची मर्यादा या अभ्यासक्रमापुरती तरी वाढवायला अर्थखात्याला सांगा.

हे सगळं एका आठवड्यात होणार नाही, कळतं. पण त्या मेलमधली मुदत येत्या शनिवारी संपते. तोवर डीजीसीएकडून त्या संस्थेला एवढं तरी विचारलं जावं, की आज तुमची किती विमानं उडतात. संस्थेचं नाव आणि मुलांच्या लॉगबुकांच्या प्रती वेगळ्या पत्राने तुमच्या कार्यालयाला पाठवल्या आहेत.

आपले,
कोल्हापूर जिल्ह्यातील वैमानिक प्रशिक्षणार्थींचे पालक