‘शिवा’चा दाखला देऊन निवडणुका नाकारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राम गोपाल वर्मा यांचा ‘शिवा’ १४ नोव्हेंबर २०२५ रोजी फोर-के स्वरूपात पुन्हा चित्रपटगृहांत आला. तेव्हापासून महाविद्यालयीन निवडणुकांचा विषय निघाला की या तेलुगू चित्रपटाचे नाव घेतले जाते. आपल्या पुरवणीतील लेखाचा सूरही तोच होता: निवडणुका पुन्हा सुरू केल्या तर कॉलेजात सायकलच्या चेनी निघतील, ‘शिवा’ पाहा म्हणजे कळेल. चित्रपट जरूर पाहावा. पण नीट पाहिला तर तो या म्हणण्याला आधार देत नाही, आणि हे सविस्तर सांगावे म्हणून हे पत्र.

आधी त्या चेनविषयी. ५ ऑक्टोबर १९८९ ला चित्रपट लागला तेव्हापासून तो प्रसंग लोकांच्या डोक्यात बसला आहे. कॉलेजातला पुढारी जे. डी. अंगावर येतो आणि शिवा, म्हणजे नागार्जुन, उभ्या सायकलची चेन एका झटक्यात उपसून हातात घेतो. प्रत्यक्षात हे होत नाही. साध्या सायकलच्या चेनीला अर्ध्या इंचाच्या अंतराने शंभरावर कड्या असतात आणि चांगली चेन जवळपास आठशे किलोचा ताण सोसते. ती काढायची तर जोडकडी शोधून तिच्यावरची बारीक क्लिप पकडीने सरकवावी लागते. चेन ताठ बसलेली असली तर आधी मागच्या चाकाचे नट पान्याने सैल करून चाक पुढे घ्यावे लागते. हाताने ओढाल तर बोटे सोलतील आणि सायकल अंगावर येईल. कुठल्याही सायकल दुकानातला पोऱ्या हे सांगेल.

तरीही त्या क्षणी चित्रपटगृहात कोणी हसत नाही. छत्तीस वर्षांनीही लोक शिट्ट्याच वाजवतात. याचे कारण प्रसंगाच्या आधी आहे. तोवर दिग्दर्शकाने प्रेक्षकाला कॉलेजातली भीती मोजून दाखवलेली असते. कोण कोणाला वाट देतो, कोण नजर चुकवतो, प्राध्यापक काय पाहून न पाहिल्यासारखे करतात, हे सगळे मारामारीआधी येते. त्या काळच्या तेलुगू पडद्यावर मारामारी म्हणजे पत्र्यासारखा ‘ढिशुम’ आणि उडणारी माणसे. इथे फटका एकच बसतो आणि नंतर शांतता असते. इळैयाराजांचे पार्श्वसंगीत कुठे थांबते याकडे या वेळी मुद्दाम लक्ष द्यावे. चेन खरी वाटते ती या शांततेमुळे. पुढच्या साडेतीन दशकांत शेकडो चित्रपटांनी चेन, हॉकी स्टिक, कोयते सगळे उचलले. थांबणे मात्र फार थोड्यांना जमले.

आता निवडणुकांच्या मुद्द्याकडे येतो. चित्रपटातल्या माणसांची उतरंड नीट पाहा. सगळ्यात खाली जे. डी., तो विद्यार्थी. त्याच्यामागे गणेश, अंगमेहनतीची गुंडगिरी करणारा. त्याच्यावर टोळीचा म्होरक्या भवानी, म्हणजे रघुवरन, आणि भवानीशेजारी त्याचा कारभार पाहणारा नानाजी. सगळ्यांच्या वर माचिराजू, राजकारणी, ही भूमिका कोटा श्रीनिवास राव यांची. या पाचांत विद्यार्थी एकच. बाकी चौघांपैकी कोणाचे नाव कॉलेजच्या हजेरीपटावर नाही. शिवाचा मित्र मल्ली याचा खून होतो तो वर्गातल्या भांडणापायी होत नाही, गणेशला आपला दरारा परत मिळवायचा असतो. टोळीचे भांडवल म्हणजे भीती. शिवाने जे. डी.ला मारले तेव्हा जे. डी.चे दात दुखले असतील, पण नुकसान भवानीचे झाले. म्हणून पुढची प्रत्येक हालचाल बाहेरून येते.

रघुवरनचा भवानी पाहताना हे फार स्पष्ट जाणवते. सडपातळ माणूस, जाडजूड मिशा नाहीत, आवाज फारसा चढत नाही. बसून राहतो आणि दुसऱ्यांना कामाला लावतो. त्याला विद्यार्थी संघटना विचारासाठी नको असते; गर्दी पुरवणारी, बंद पाडून दाखवणारी तरुण पोरे त्याला हवी असतात. संवाद लिहिणारे तनिकेल्ला भरणी यांनीच नानाजीची भूमिका केली आहे आणि त्याच्या तोंडचे बोलणे दुकानात हिशेब करणाऱ्या माणसासारखे ठेवले आहे. ‘अमुक काम झाले का, तमुक कुठे आहे’ अशा थाटाचे. खुनाची भाषा इतकी कारकुनी असते हे त्याआधी आपल्या पडद्यावर क्वचितच दिसले होते.

हे सगळे कल्पनेतून आलेले नाही. वर्मा विजयवाड्याच्या सिद्धार्थ अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. कृष्णाकाठच्या त्या शहरात वंगवीटी आणि देविनेनी या दोन गटांचे वैर कामगार संघटना, कॉलेजे आणि निवडणुकांचे राजकारण या तिन्हींतून वाहत होते. आमदार वंगवीटी मोहन रंगा यांचा २६ डिसेंबर १९८८ रोजी उपोषणाला बसलेले असताना खून झाला आणि शहर पेटले. त्यानंतर नऊ महिन्यांनी ‘शिवा’ लागला. आंध्रच्या प्रेक्षकाला भवानी कोण, माचिराजू कोण, हे समजावून सांगावे लागले नाही. वर्मांनी पुढे २०१६ मध्ये त्याच वैरावर उघड नावानिशी चित्रपट काढला. आणि जे. डी.ची भूमिका करणारे जे. डी. चक्रवर्ती १९९८ मध्ये मुंबईच्या टोळ्यांवरच्या ‘सत्या’चे नायक झाले, म्हणजे विजयवाड्यात पाहिलेले वर्मांनी मुंबईपर्यंत आणले. हा धागा मराठी प्रेक्षकाने ओळखण्यासारखा आहे.

चित्रपटाच्या तंत्राबद्दल आपल्या लेखात ‘स्टेडिकॅमचा वापर’ एवढेच दोन शब्द होते. या यंत्राने चित्रपटाचा अर्थ घडवला आहे, म्हणून थोडे तपशिलात लिहितो. छायाचित्रकार एस. गोपाल रेड्डी. भारतात इतक्या सातत्याने स्टेडिकॅम वापरलेल्या पहिल्या चित्रपटांत ‘शिवा’ची गणना होते. हे यंत्र म्हणजे चालकाच्या अंगावर घट्ट आवळलेले जाकीट, त्याला जोडलेला स्प्रिंगचा दुमडता हात आणि त्या हाताच्या टोकाला उभा दांडा. दांड्याच्या वर कॅमेरा, खाली वजन साधायला बॅटरी आणि छोटा पडदा. दांडा ज्या जोडावर फिरतो तो गुरुत्वमध्याच्या किंचित वर असावा लागतो. तोल बरोबर आहे का हे पाहायची साधी रीत आहे: दांडा आडवा धरायचा आणि सोडायचा. सरळ उभा व्हायला दोन-तीन सेकंद लागले तर ठीक. धाडकन खाली आला तर बूड जड आहे आणि चालकाने पाऊल थांबवले की चित्र लंबकासारखे झुलेल. फारच सावकाश आला तर वळणावर क्षितिज तिरपे होईल.

त्या काळी यावर ३५ मिमीचा फिल्म कॅमेरा चढवायचा. चारशे फुटांचा डबा साधारण साडेचार मिनिटे चाले, आणि चालता चालता फिल्म एका रिळावरून दुसऱ्यावर जात असल्याने तोल शॉट सुरू असतानाच सरकत जाई. उघड्यावर वारा आला की सगळा सांगाडा शिडासारखा भरे. फोकस धरणाऱ्याला टेपने अंतर मोजायची सोय नाही, कारण अंतर क्षणाक्षणाला बदलते. तीस किलोच्या आसपासचे ओझे अंगावर घेऊन बोळांतून पळायचे ते वेगळेच. एवढा खटाटोप कशासाठी? रुळांवरची ट्रॉली सरळ रेषेत जाते, तिथे प्रेक्षक बाजूला उभा राहून पाहतो. हातातला कॅमेरा हादरतो, त्यामुळे कॅमेरामन आहे हे लक्षात राहते. स्टेडिकॅम पाठीमागून चालत येतो, कोपऱ्यावर वळतो, जिना चढतो आणि हादरत नाही. पाठलाग होणाऱ्या माणसाला मागे वळून न पाहता जे जाणवते तेच तो दाखवतो. म्हणूनच त्या पाठलागांत आपण मारणाऱ्याच्या बाजूने राहत नाही. हिंसेचे उदात्तीकरण हा आरोप ‘शिवा’वर करताना हे लक्षात घ्यायला हवे.

एक गोष्ट मात्र या चित्रपटाच्या खात्यात उणे मांडली पाहिजे. शिवा पुतणीला सायकलवर घेऊन गुंडांच्या गाडीपुढे पळतो तो प्रसंग. ती लहान मुलगी खरोखर त्या सायकलवर होती आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती अभिनयाची नव्हती. पुनःप्रदर्शनाच्या वेळी वर्मांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली, ते योग्यच केले. प्रसंग थरारक आहे म्हणून हे झाकू नये.

आता महाराष्ट्र. योगायोग असा की ज्या १९८९ साली हा चित्रपट लागला त्याच वर्षी मुंबईत कॉलेज निवडणुकांच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. त्यानंतर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली. २०१९ मध्ये त्या होणार असे ठरले आणि पुढे ढकलल्या गेल्या. म्हणजे एक अख्खी पिढी मतपेटी न पाहता कॉलेजातून बाहेर पडली. तेवढ्या काळात असे भवानी कॉलेजबाहेर थांबले का? फाटकासमोरचे वाढदिवसाचे फ्लेक्स पाहा. त्यावरच्या टपाल तिकिटाएवढ्या फोटोंत खालच्या रांगेतली पोरे कुठल्या कॉलेजची असतात? दहीहंडीच्या पथकाला टी-शर्ट कोण देतो, मोर्चाला गाड्या कोण पाठवतो? मतदान बंद झाले, उतरंड तशीच राहिली. तिला आता कोणी हिशेब विचारत नाही एवढाच फरक.

हिशेब विचारायची रीत उपलब्ध आहे. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये लागू केल्या. सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक, अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळे दहा दिवसांत. पदवीच्या उमेदवाराचे वय १७ ते २२, हजेरी ७५ टक्के, गुन्ह्याची पार्श्वभूमी नको. खर्च पाच हजार रुपयांपर्यंत. छापील पोस्टर नाहीत, हाताने केलेलेच. ध्वनिवर्धक नाही, वाहने नाहीत. राजकीय पक्षाचा पैसा नाही. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: ज्याचे नाव पटावर नाही त्याने कोणत्याही नात्याने प्रक्रियेत यायचे नाही. हा एक नियम पाळला तर ‘शिवा’तल्या पाचांपैकी चौघे पहिल्याच रिळात बाहेर जातात.

नियम मोडतो कुठे, तेही सांगितले पाहिजे. पाच हजारांच्या वरचा खर्च ‘समर्थकांनी’ केला असे दाखवतात, तो हिशेबात येतच नाही. छापील पोस्टरवर उमेदवाराच्या नावात एखादे अक्षर मुद्दाम चुकवतात, म्हणजे ‘हे माझे नाहीच’ म्हणायला मोकळे. तक्रार निवारण कक्षात प्राध्यापक, प्रशासकीय अधिकारी आणि शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी असतात, पण तो कक्ष अर्ज भरायच्या आदल्या दिवशी घाईने नेमला जातो आणि तक्रार कोणाकडे द्यायची हे कोणालाच ठाऊक नसते. गाड्या फाटकाबाहेर उभ्या राहतात, कारण प्राचार्यांचा अधिकार फाटकापर्यंत आणि पोलिसांना बोलावल्याशिवाय यायचे नसते. यातले काहीच न सुटण्यासारखे नाही. दिल्ली विद्यापीठात २७ सप्टेंबर २०२४ ला मतदान झाले, पण भिंती विद्रूप केल्यामुळे उच्च न्यायालयाने मतमोजणी रोखून धरली. भिंती साफ झाल्यावरच २५ नोव्हेंबरला निकाल लागला. दोन महिने निकाल अडकतो हे कळल्यावर ब्रश आणि रंग कुठून कुठून आले, हे साऱ्या दिल्लीने पाहिले.

म्हणून आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे. निवडणुका जेव्हा केव्हा होतील, तेव्हा मारामारीच्या बातमीची वाट पाहू नये. उमेदवारांनी निकालानंतर दोन आठवड्यांत लेखापरीक्षित हिशेब द्यायचा असतो आणि त्यानंतर दोन दिवसांत कॉलेजने तो जाहीर करायचा असतो. आपल्या बातमीदारांनी त्या दिवशी सूचना फलकापाशी जावे, हिशेब लागला आहे का ते पाहावे, आणि ज्या कॉलेजांत लागला नसेल त्यांची यादी आतल्या पानावर का होईना, छापावी.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर