आमच्या माणसांची पत्रं तुरुंगात पोहोचू द्या

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांतले काही जण तुरुंगातल्या समलिंगी आणि तृतीयपंथी बंद्यांना पत्रं लिहितो. यातल्या बहुतेकांचं घर अटकेच्या आधीच सुटलेलं असतं. घरून त्यांना कुणीच लिहीत नाही.

आम्ही लिहितो ते पावसाचं, पऱ्हाटीवर पडलेल्या बोंडअळीचं, कापसाच्या भावाचं, पोळ्याला कुणाची जोडी उठून दिसली त्याचं. मनातलं फार लिहीत नाही. येणारं पत्र आधी तुरुंगाचे कर्मचारी वाचतात, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला बराकीतला दुसरा कुणी वाचून दाखवतो. एका वाक्यावरून आतल्या पोराचं गुपित फुटलं, तर पुढचे महिने त्याने त्याच माणसांत कसे काढायचे? 'तुझी आठवण येते' एवढं लिहितानाही हात थांबतो.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. १५ जुलै २०२४ ला केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की अशा बंद्यांनाही इतरांसारखीच भेटीची मुभा द्यावी, जोडीदाराच्या भेटीचीसुद्धा. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण सिरोंच्याचा माणूस नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात असेल, तर मजुरी बुडवून तीनशे किलोमीटरांहून जास्त अंतर कोण किती वेळा कापणार? आमच्याकडे पत्र हीच मुलाकात आहे.

एका तृतीयपंथी बंदिनीला तिच्या गुरूने धाडलेलं पत्र 'नातेवाईक नाही' म्हणून परत आलं. बापाने हाकलल्यावर तिला जेवू घातलं, आजारपणात उशाशी बसली ती हीच बाई. तिला नातेवाईक म्हणायचं नाही, तर कुणाला म्हणायचं?

साहेब, आपण एक लेखी आदेश काढा. मित्र, जोडीदार, गुरू किंवा चेला यांचं पत्र घरच्यांच्या पत्रासारखंच स्वीकारलं जावं. तपासणाऱ्याने त्यातलं खासगी बराकीत बोलू नये, बोलला तर त्याला जाब विचारला जावा. पत्र कुणी वाचून दाखवायचं, हे बंद्याने ठरवावं. आणि ज्याच्या खात्यात पैसा नाही, त्याला उत्तरापुरता कागद आणि तिकीट मिळावं.

यासाठी समलिंगी बंद्यांची यादी मात्र करू नका, ही कळकळीची विनंती. तृतीयपंथी बंद्यांची वेगळी नोंद आता होते, तिचा उपयोगही आहे. पण समलिंगी म्हणून रजिस्टरात नाव चढलं, की ते बराकीत पोहोचायला वेळ लागत नाही. सगळ्याच बंद्यांना लागू होईल असा नियम करा, त्यात आमची माणसं आपोआप येतील.

आदेश नागपूर-अमरावतीपुरता ठेवू नका. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहांतही तो सोप्या मराठीत लावा. गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांगायला लावा.

आपला,
घाटंजी तालुक्यातील एक पत्रलेखक